मदत हवी आहे : चिंतेचा विकार, प्रार्थना आणि गोळ्या

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाणे स्थानकात गाडी शिरू लागली की माझ्या धाकट्या भावाच्या छातीत धडधड सुरू होते, तळवे घामेजतात आणि दाराजवळचा दांडा त्याच्याने सोडवत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेचा विकार असल्याचे सांगून गोळ्या व समुपदेशन सुरू केले आहे. मात्र आमच्या चर्चच्या मंडळीतील काही वडीलधारी माणसे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील 4:6 (‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’) दाखवून, विश्वास असेल तर गोळ्या कशाला, असे विचारतात आणि त्यामुळे तो त्या परस्पर बंद करण्याच्या विचारात आहे. (प्रेषित पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिले, हे कोणी सांगत नाही.) मला बायबलमधीलच 1 राजे, अध्याय 19 अधिक जवळचा वाटतो : मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा जेवू घातले, झोपू दिले, बोल मात्र लावला नाही.

ठाणे किंवा नवी मुंबईत मराठीतून बोलणारे, श्रद्धेचा मान राखणारे आणि औषधांना विरोध न करणारे समुपदेशक कोणास माहीत आहेत का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकाचा अनुभव असल्यास तोही कळवावा. शिवाय रात्री त्याच्याजवळ बसून म्हणता येईल असे एखादे लहान स्तोत्र सुचवावे. 23 वे त्याला पाठ आहे, पण त्यातील मृत्युछायेच्या दरीच्या ओळीपाशी तो थबकतो.