मापांक घेतला की आवर्तनकाल निम्मा होतोच असं नाही

आवर्तनकाल म्हणजे ज्या किमान अंतरानंतर आलेख तसाच पुन्हा सुरू होतो ते अंतर. त्याचा नेहमीचा नियम बरोबर आहे: साइन(बक्ष + क) चा आवर्तनकाल २π/|ब|. इथे ब आणि क ठरावीक संख्या, आणि |ब| म्हणजे ब चा मापांक, ऋण चिन्ह काढून टाकलेली किंमत. क मुळे आलेख फक्त सरकतो, बाहेरच्या गुणकाने उंची बदलते, आवर्तनकालाला दोन्हींचा धक्का लागत नाही. टॅनसाठी २π च्या जागी π घ्या, बस्स.

पण "मापांक घेतला की आवर्तनकाल निम्मा" हे वाक्य कृपया पाठ करू नका. |साइन क्ष| चा आवर्तनकाल π होतो, कारण साइन(क्ष + π) = −साइन क्ष, आणि मापांक ते ऋण चिन्ह पुसून टाकतो. वर्ग केला तरी हेच घडतं. घन केला तर चिन्ह टिकतं आणि २π कायम राहतो. |टॅन क्ष| चा मुळातच π आहे, तो π च राहतो.

आता |साइन क्ष + १/२| बघा. क्ष = π/२ ला किंमत ३/२, आणि π पुढे गेल्यावर, ३π/२ ला, फक्त १/२. म्हणजे एक उंच टेकाड, एक बुटकं, आणि आवर्तनकाल पुन्हा २π! एरवी निरुपद्रवी असलेली ती १/२ ची बेरीज मापांकाच्या आत शिरली की सगळं बदलते. मला हा भाग फार आवडतो. आलेख हाताने काढून बघाच.