भयकथेला खेळात घर हवं, राक्षस नंतर

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, मिळून गोष्ट रचायच्या रोल-प्लेइंग खेळांबद्दल काही जण म्हणतात, 'टेबलावर भयकथा रंगत नाही, फासे खुळखुळले की भीती पळते.' हे मत मला पटत नाही. गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूतल्या गूढ भयकथेत मुळात राक्षसाची भीती नसतेच. घाबरवतं ते घर, आणि त्या घराने दडवून ठेवलेलं काहीतरी.

१९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचं 'रेव्हनलॉफ्ट' हे किल्ल्यातलं तयार कथानक आलं, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळासाठी. त्यातला व्हॅम्पायर शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही. त्याला काय हवंय आणि महत्त्वाच्या वस्तू कुठे आहेत, हे पत्ते काढून ठरतं, म्हणून दर खेळात गोष्ट बदलते. मला हे आजही विलक्षण वाटतं.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आम्ही खेळतो, तेव्हा परदेशी किल्ला न घेता सरळ जुन्या सरदाराचा वाडा घेतला. गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एवढंच विचारलं, "या वाड्याशी तुझ्या घराण्याचा काय संबंध?" एक जण म्हणाला, "आजी दर अवसेला बंद माडीच्या दाराशी नैवेद्याचं ताट ठेवायची." दुसरीने लगेच जोडलं, "आणि सकाळी ताट घासूनपुसून उंबऱ्यावर असायचं." अजून फासा पडलेला नव्हता, तरी सगळे गप्प! एकट्या लेखकाला हे सुचणं कठीण.

फासे नकोच असतील तर 'ड्रेड' खेळा. ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा, मनोरा कोसळला की पात्र संपलं. हात खरोखर थरथरतात. पण आधी वाडा करून बघाच, आणि त्या माडीत काय आहे हे गेम मास्टरनेही आधी ठरवू नये.