गच्चीवरची पार्टी, 30 माणसे आणि पेयांचे 3,000 रुपये

जळगावकर (मूळ लेखन):
वैशाखातल्या एका शनिवारी आमच्या गच्चीवर 30 माणसांना बोलवायचे घरात ठरले आहे. जेवणात शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी असल्याने तो खर्च आटोक्यात आहे. पेयांवर मात्र 3,000 रुपयांच्या वर जायचे नाही. माझे मत असे की यजमानाने दारूचा खर्च उचलू नये, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा ढीगही लावू नये, आणि पैसा थंड पाणी, बर्फ, कैरीचे पन्हे व मठ्ठा एवढ्यावरच घालावा.

हिशेब सांगतो. पहिल्या तासात माणूस दोन पेले पितो आणि पुढे तासाला एक, असे धरले तर सायंकाळी 7 ते 11 या वेळेत 200 मिलिलिटरचे पाच पेले, म्हणजे माणशी एक लिटर होतो. एक किलो कैऱ्या उकडून निघालेल्या गरात दीडपट गूळ घातला की 20 ते 25 पेले पन्हे होते. एक लिटर दह्यात तिप्पट पाणी घातले की मठ्ठ्याचे 20 पेले होतात. चार किलो कैऱ्या आणि तीन लिटर दही यांत 150 पेले निघतात, आणि हे सारे 1,000 रुपयांच्या आत बसते. उरलेल्या पैशांत 20 लिटरचे थंड पाण्याचे जार आणि बर्फ येतो. यापेक्षा स्वस्त व्यवस्था कोणी सुचवावी.

धुळेकर:
भाऊ, आपला हिशेब बरोबर असेल, पण ही पार्टी आहे की पंगत? आपल्या 30 माणसांत आठ-दहा तरी घेणारे असतील. त्यांना पन्ह्याचा पेला दिला तर ते हसून घेतील, आणि अर्ध्या तासाने खाली लावलेल्या गाडीपाशी जमतील. मग गच्चीवर उरलेल्यांनी काय करायचे? 'तुमची तुम्ही आणा' असे पाहुण्याला सांगणे आपल्याकडे शोभत नाही. त्यापेक्षा पेयांचे प्रकार कमी करावेत. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 60 मिलिलिटरचे साडेबारा पेग निघतात, त्यामुळे आठ-दहा जणांना एक बाटली आणि थोडी बिअर पुरते. शेवभाजी तिखट असली की लोक पाणी आणि सोडाच जास्त मागतात, हे आपण धरलेलेच नाही.

भुसावळकर ताई:
मला दारूबद्दल काहीच म्हणायचे नाही. माझा आक्षेप त्या '1,000 रुपयांच्या आत' या शब्दांवर आहे, कारण चार किलो कैऱ्या उकडणे, सोलणे, गर काढून गाळणे, तीन लिटर दूध आदल्या दिवशी विरजणे, 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात गॅससमोर उभे राहणे आणि रात्री 11 नंतर ती सगळी पातेली घासणे, हे करणाऱ्या व्यक्तीचा एक रुपयाही आपल्या हिशेबात धरलेला नाही. ती व्यक्ती कोण असेल हे आपण लिहिले नाही. लिहायची गरजही वाटली नसावी. आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे आणि आमरस असतो, तेव्हा दोन दिवस हात रिकामे नसतात. ते सणाचे म्हणून आनंदाने होते. मित्रमंडळींच्या पार्टीसाठी तेच काम 'घरचे म्हणून स्वस्त' ठरवणे मला मान्य नाही.

त्यापेक्षा कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटल्या घ्या, त्यांचा क्रेट 24 चा येतो. ठोक दुकानदाराशी आधी बोलून ठेवले तर न फोडलेल्या बाटल्या तो सहसा परत घेतो, त्यामुळे अंदाज चुकला तरी पैसे बुडत नाहीत. उरलेला मठ्ठा मात्र कोणी परत घेत नाही. दोन लिटरची बाटली स्वस्त दिसते खरी, पण उघडून अर्धी राहिली की हळूहळू तिच्यातला गॅस जातो आणि उरलेले साखरपाणी मोरीत ओतावे लागते.

शिरपूरकर:
धुळेकरांना एवढेच सांगतो की महाराष्ट्रात दारू बाळगण्याला व पिण्याला परवाना लागतो. बिअर आणि वाईनसाठी वयाची अट 21 वर्षे, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25 वर्षे आहे. आपल्या मित्रमंडळींत कॉलेजची पोरे असतील, तर यजमानानेच बाटली टेबलावर ठेवणे धोक्याचे आहे.

आणि बर्फाबद्दल कोणी बोललेच नाही. कारखान्यातून आणलेली लादी बाटल्या गार करायला चालते. पेल्यात टाकायचा बर्फ मात्र खाण्याचाच हवा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम याचसाठी आला आहे. पिंपात लादी फोडून वर गोणपाट टाकले की बाटल्या रात्रभर गार राहतात. ही युक्ती जानेवारीतल्या भरीत पार्टीत कोणाला आठवत नाही, कारण तेव्हा 30 माणसांत निम्म्यांचेच पेले भरावे लागतात.

जळगावकर:
ताईंचा आक्षेप खरा आहे. 'घरात ठरले' असे मी लिहिले, त्यातले घर म्हणजे प्रत्यक्षात मी एकटाच होतो. म्हणून मठ्ठा रद्द करतो. पन्ह्याचा गर शुक्रवारी रात्री मी स्वतः काढेन, तोही दोनच किलो कैऱ्यांचा. त्यात साधारण 45 पेले होतात. बाकीची गरज काचेच्या बाटल्यांचे दोन क्रेट, सोडा आणि तीन जार यांवर भागवेन. धुळेकरांशी मात्र मी सहमत नाही. एक बाटली आणि थोडी बिअर म्हणता म्हणता 3,000 रुपयांतला मोठा वाटा आठ-दहा जणांच्या पोटात जातो आणि उरलेल्या वीस जणांनी, त्यांतल्या लहान मुलांनी, कोमट पाणी प्यायचे, ही वाटणी मला पटत नाही. ज्यांना घ्यायची त्यांनी आपली आणावी, परवानाही आपला ठेवावा. सोडा, लिंबू आणि खाण्याचा बर्फ माझ्याकडून.

धुळेकर:
लिंबू वैशाखात सोन्याच्या भावाने मिळते, तेवढे आजच घेऊन ठेवा.