शिबिरात अरुंद कोन दिसला तर कोणाला पुढे पाठवावे?

मदत हवी आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट. गोव्यात वाळपईच्या आसपासच्या गावांत आम्ही चाळिशीपुढच्यांचे डोळे तपासतो. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांमधला कोन अरुंद आहे का, तेही पाहतो; तो बंद झाला तर डोळ्यातले पाणी तुंबून काचबिंदू होऊ शकतो. टॉर्च, हातात धरायचा स्लिट लॅम्प (बारीक प्रकाशपट्टीचा सूक्ष्मदर्शक) आणि डोळ्याचा दाब मोजायचा टोनोमीटर एवढेच जवळ आहे. गोनिओस्कोपीसाठी (खास भिंगातून कोन थेट पाहण्यासाठी) बांबोळीचे मोठे रुग्णालय गाठावे लागते, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा अख्खा दिवस बुडतो. महिन्याला दहा-बारा जणांनाच आम्ही गाडीने नेऊ शकतो.

नुसत्या दाबावर भागत नाही, कोन अरुंद असूनही दाब नॉर्मल असतो. म्हणून टॉर्च कानाच्या बाजूने धरून सावली पाहतो. गेल्या रविवारी एका आजींच्या आयरिसचा नाकाकडचा भाग पुरा काळोखात होता, दाब मात्र 16. त्यांना पाठवलेच. पण पुसट सावलीवालेही बरेच निघतात. व्हॅन हेरिक पद्धतीने, म्हणजे स्लिट लॅम्पने कडेला कॉर्निया आणि आयरिस यांमधली फट पाहिली, तर ती कॉर्नियाच्या जाडीच्या पाव की थोडी जास्त, यावर आम्हा दोघांचे जुळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब शिबिरात घालत नाही, कोन अचानक बंद होऊन दाब चढण्याची भीती असते.

ग्वांगझूच्या झॅप चाचणीत (2019) अरुंद कोनाच्या 889 जणांच्या एकेका डोळ्याला लेसर केले, म्हणजे आयरिसला बारीक छिद्र पाडले. 6 वर्षांत कोन बंद होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला, पण लेसर न केलेल्या डोळ्यांतही त्रास थोड्यांनाच झाला. त्यामुळे सरसकट लेसर नको, हे मला पटते.

मग पावापर्यंत फट असलेले सगळे पाठवायचे, की घरात काचबिंदू किंवा मोठा प्लस नंबर असलेल्यांना आधी? आणि मागे राहिलेल्यांना किती महिन्यांनी परत तपासायचे?