बासेकोचं वाटप: सार्डिनचं आज ठरवा

माई (मकाटी):
मंडळी, मनिलाच्या बंदराजवळच्या बासेको झोपडवस्तीत आपण घरटी एक पिशवी किराणा वाटणार आहोत, त्यातल्या तांदळाच्या गोण्या खाली पार्किंगमध्ये येऊन पडल्यात. बिल्डिंगवाल्यांनी रविवारपर्यंतच ठेवू दिलंय. मूग, तेल, मीठ, कॉफीच्या पुड्या आल्या. अडलंय ते सार्डिन मासळीच्या डब्यांपाशी. बैठकीत "बघू" म्हणून विषय सोडला होता, आता बघायला वेळ उरलेला नाही. दिविसोरियाच्या घाऊक बाजारातला दुकानदार आज संध्याकाळपर्यंत माल राखून ठेवतोय. पिशवीत सार्डिन घालायची की नाही, तेवढंच कळवा. कपड्यांचं मी वेगळं लिहिते.

अण्णा (खजिनदार):
बैठकीत बोललो होतो तेच इथे नोंदवतो. हे पैसे गणेशोत्सवातले आहेत, बरेचसे आरतीच्या तबकात पडलेले. देणाऱ्यांत काही घरं कडक शाकाहारी आहेत. त्यांच्या पैशांतून मासळी घेतली तर वार्षिक सभेत हिशेब मांडताना मी त्यांना काय सांगू? कॉर्न्ड बीफचा तर विषयच नको. मूग आहेत, प्रथिनं त्यातही भरपूर. वाटपाला माझा विरोध नाही, कुणी तसा अर्थ काढू नये.

तात्या (पासिग):
अण्णा, मूग चांगलेच. पण शिजवायचे कशावर? ओंडोय वादळ आठवा. २६ सप्टेंबर २००९ला चोवीस तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस झाला, मारिकिना नदी घरांच्या छपरांपर्यंत चढली. शाळेच्या वर्गांत, बास्केटबॉलच्या कोर्टांवर माणसं राहत होती. कुठल्याशा गटाने तिथे कोरडं धान्य वाटलं. एक आजी ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चूल नाही, भांडं नाही, प्यायला पाणी नाही, त्या धान्याचं ती करणार काय? पलीकडे एका पोराला सार्डिनचा डबा मिळाला होता. त्याने झाकण ओढलं आणि धाकट्या बहिणीला बोटाने भरवायला लागला.

बासेकोत आज पूर नाही, पण इंधनाचं दुखणं रोजचं आहे. कितीतरी घरांत कोळशावर रांधतात आणि तो कोळसा रोज छोट्या पिशवीने विकत आणतात. मूग तासभर रटरटत ठेवायचे म्हणजे दुसऱ्या दिवसाचा कोळसा आजच जाळायचा. इथलं समाजकल्याण खातं आपत्तीत कुटुंबामागे जी पिशवी देतं, तिच्यात ६ किलो तांदूळ आणि बाकी बहुतेक डबेच असतात. दरवर्षी वादळं झेलणारा देश आहे, त्यांनी ते उगाच ठरवलेलं नाही. माझं मत: सार्डिन हवी.

काकू (अलाबांग):
तात्या, मुगाला एवढं कमी लेखू नका हो. इथे शुक्रवारी घरोघरी मुंगो करतात. लसूण, कांदा, टोमॅटोची फोडणी, मूग अगदी गिर्र शिजलेले, वरून शेवग्याचा पाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रात्री भिजत घालतात, सकाळी पटकन शिजतात. तूरडाळ घेऊ नका, हे मात्र मीही म्हणेन. ती त्यांच्या सवयीची नाही, पडून राहते. आणि मूग सालासकट अख्खेच आणलेत ना? पिवळी डाळ आणली असेल तर बदलून घ्या.

दादा (व्हॅन आणि रांग):
डब्यांचं तुम्ही ठरवा, मला रांगेची काळजी आहे. माईंच्या मेलमध्ये कुपनांचा उल्लेखच नाही. कुपनं आदल्या दिवशी घरपोच गेलीच पाहिजेत. "येईल त्याला देऊ" हे मोठ्या मनाचं वाटतं, पण त्याने माणसं मरतात. ४ फेब्रुवारी २००६ला इथेच पासिगमध्ये, अल्ट्रा स्टेडियमच्या फाटकावर, टीव्हीच्या बक्षिसांच्या कार्यक्रमासाठी आलेल्या गर्दीत चेंगरून सत्तरहून जास्त लोक गेले. एप्रिल २०२१मध्ये मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूच्या गाड्यावर भाजी-तांदूळ ठेवून कम्युनिटी पँट्री, म्हणजे जमेल त्याने ठेवावं, लागेल त्याने न्यावं असं वाटप, सुरू केली, बघता बघता देशभर ते लोण पसरलं. त्याच महिन्यात एका अभिनेत्रीने वाढदिवसाला केझॉन सिटीत तसंच वाटप ठेवलं, तिथे रांगेत एक म्हातारे बालूत (उकडलेली बदकाची अंडी) विकणारे गृहस्थ कोसळून गेले. दोघांचाही हेतू चांगलाच होता.

दुसरं, स्वतःच्या मोटारसायकलवर कुणी आत येऊ नका. बाइकवरचा भारतीय माणूस गल्लीत दिसला की तो फाइव्ह-सिक्सवाला सावकार, हप्ता वसूल करायला आलाय, असंच वाटतं. पाच उसने घेतले की सहा परत, हा व्यवहार इथल्या गल्लीतल्या प्रत्येक सारी-सारी (छोट्या किराणा) दुकानाला ठाऊक आहे. सगळ्यांनी व्हॅनमधूनच यावं.

अण्णा:
कुपनं कुणाच्या यादीप्रमाणे? बारांगायची, म्हणजे वस्तीच्या स्थानिक प्रशासनाची, अधिकृत यादी असताना दुसरी यादी नको. उद्या कुणी विचारलं तर कागद हवा.

दादा:
बारांगायला पत्र देऊन झालंय, त्यांचे टानोद (वस्तीचे रखवालदार) रांगेला येतील. यादी मात्र लसूण सोलणाऱ्या बायकांकडूनच घ्यायची. बासेकोत बायका पोत्याने लसूण आणून घरी सोलतात आणि वजनावर पैसे घेतात. त्या दारात गोल करून बसलेल्या असतात, मांडीवर टोपली, बोटांची टोकं पांढरी पडून सोललेली. कुणाचा नवरा बंदरावर कामाला जायचा थांबलाय, कुणाकडे बाळंतीण आहे, गेल्या आगीत कुणाचं छप्पर गेलं, हे सगळं त्यांना माहीत असतं. भाड्याच्या खोलीत नुकती आलेली कुटुंबं अधिकृत यादीत नसतात, आणि सगळ्यात अडलेली तीच असतात. हे काम मी बघतो, त्यात कुणी बदल करू नये ही विनंती.

नवीन सभासद (बोनिफासिओ):
नमस्कार, कपड्यांबद्दल सुचवायचं होतं. पुण्यात आमच्या सोसायटीत भरपूर चांगले जुने कपडे जमतात. कार्गोने मागवू का?

माई:
नको, आणि याचं उत्तर सविस्तर देते कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं. वापरलेले कपडे विकायला आणण्यावर इथे १९६६पासून कायद्याने बंदी आहे. दान म्हणून आणायचे तर समाजकल्याण खात्याची शिफारस, कस्टम्सचे कागद, गोदामाचं भाडं, हे सगळं आलं. आणि बंदी असूनही उकाय-उकायची, म्हणजे जुन्या कपड्यांची, दुकानं गल्लोगल्ली आहेत, शर्ट अगदी स्वस्तात मिळतो. तेवढ्या कार्गोच्या पैशात तांदूळ येईल.

आत्ता माझ्या हॉलमध्ये काय आहे ते सांगते. दोन शेरवान्या, थंड हवेच्या बागियोच्या सहलीला घेतलेले स्वेटर, ब्लेझर, टिकल्या निखळलेला घागरा. समुद्राकाठी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने ब्लेझरचं काय करायचं? द्यायचं असेल तर पोरांचे टी-शर्ट, हाफ पँटी, टॉवेल, पातळ चादरी, पावसाळी जॅकेट द्या. धुऊन, बटणं लावून. चपलांचे जोड सुतळीने बांधा, नाहीतर एक पाय एका पिशवीत आणि दुसरा भलत्याच. लहान मुलांच्या रबरी चपला सगळ्यात आधी संपतात.

आता कुणीतरी सार्डिनचं बोला!

काकू:
आमच्या घरात मासळी चालत नाही. तरी मला विचाराल तर द्यावी. आपण नैवेद्य दाखवत नाही आहोत, दुसऱ्याच्या घरात अन्न पोचवतोय. त्यांच्या पानात काय पडतं ते बघून द्यायला हवं. फक्त डुकराच्या मांसाचे डबे नकोत, तिथे मुसलमान कुटुंबंही आहेत. सार्डिन सगळ्यांना चालेल.

तात्या:
मी मार्ग सुचवतो. तबकातले पैसे तांदूळ, मूग, तेलाला जाऊ देत. डब्यांसाठी वेगळी वर्गणी काढू. माझी आजच पाठवतो.

अण्णा:
असं असेल तर माझी हरकत नाही. खातं वेगळं, पावती वेगळी, आणि हिशेबात "डबे" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. रक्कम दुपारी तीनच्या आत कळवा. माझेही धरा, मी घरी मासे खातो, प्रश्न फक्त त्या तबकाचा होता.

दादा:
अण्णा, आभार. शनिवारच ना नक्की? रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये मिसाला जातात, रांगेला कुणी मिळणार नाही.

माई:
शनिवारच. दुकानदाराला फोन झाला, डबे उद्या सकाळी येतात. ओढायच्या झाकणाचेच सांगितलेत. पिशव्या भरायला शुक्रवारी संध्याकाळी सातला माझ्या पार्किंगमध्ये या. ज्यांना मासळीला हात लावायचा नसेल त्यांनी तांदूळ मोजायला बसावं, वजनकाटा तात्या आणतायत. शेरवान्या कुणाच्या आहेत त्यांनी त्याच वेळी घेऊन जाव्यात.