१ मेला मागच्या अंगणात पार्टी : महाराष्ट्र दिन करायचा का गुजरात दिन? आणि उकाड्याचं काय करू?

टेनामेंटवाली_सून :
नमस्कार मंडळी, बडोद्यातलं कोणी असेल तर प्लीज सांगा. आमचं टेनामेंट आहे, मागे बऱ्यापैकी अंगण, अर्ध्यात फरशी, अर्धी माती, एक आंब्याचं झाड. मुलांच्या परीक्षा संपल्यात, पुण्याहून नणंदेची फॅमिली येतेय आणि नेमका १ मे मध्ये येतोय, तर म्हटलं सगळ्यांना एकत्र बोलवू या, घरचे आणि बाजूचे गुजराती शेजारी धरून पंचवीस-तीस माणसं होतील.
आता गोंधळ असा की सासऱ्यांना सकाळी तिरंगा आणि शेजारी भगवा लावून रीतसर महाराष्ट्र दिन करायचाय. बाजूचे भाई म्हणतात, बेन, तुम्ही राहता गुजरातेत, दिवस पण गुजरातचा, मग केकवर नाव कोणाचं? ते हसत म्हणतात पण बाबांना ते लागलंय, दोन दिवस ओट्यावर गप्पा बंद आहेत. मी बाजारातून तिरंगी पताकांची माळ, तिरंग्याचे पेपर नॅपकिन असं सगळं घ्यायचं ठरवत होते, तेवढ्यात मुलगा म्हणाला ते चालत नाही. खरंच नाही चालत? खायला काय ठेवू, वेळ कुठली ठेवू, मुलांना कशात गुंतवू, सगळंच सांगा. आणि नणंदेचे मिस्टर विचारतायत की 'थंड' काही मिळेल का, त्यांना काय उत्तर देऊ तेही सांगा 😄

खंडेराव_मार्केटवाली :
आधी मिस्टरांचं उत्तर. पन्हं आणि ताक. बाकीच्या थंडाचं नाव काढू नका म्हणावं, मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा गुजरातनं वेगळं झाल्यावरही सोडलेला नाहीये, आणि अंगणात शेजाऱ्यांसमोर असला शहाणपणा केला तर पार्टी पोलीस चौकीत संपेल.
वेळ संध्याकाळची सातच्या पुढची ठेवा. मे महिन्यात इथे चाळीसच्या वर जातं हे पुणेकरांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं पाच वाजता ऊन उतरतं. सूर्य सातच्या सुमाराला बुडतो आणि फरशी त्यानंतरही तासभर भाजत असते. साडेपाचला फरशीवर दोनदा पाणी मारा, मातीवर एकदाच, नाहीतर चिखल होईल आणि सगळ्यांच्या चपला घरभर. घरातला कूलर उचलून बाहेर ठेवा. आपल्याकडची हवा तेव्हा कोरडी असते म्हणून उघड्यावरसुद्धा कूलर चांगला काम करतो, कोकणात तो नुसता आवाज करतो. डासांसाठी कडुलिंबाचा पाला धुमसवा पण जेवणाच्या आधी, जेवताना नको.
खायला सेव उसळ करा, दुसरं काही डोक्यात आणूच नका. वाटाणे आदल्या रात्री भिजवायचे, तीस माणसांना दोन-सव्वादोन किलो कोरडे पुरतात, तर्री वेगळी ठेवायची म्हणजे मुलं आणि म्हातारी माणसं फिकी खातील, सेव-कांदा-लसणाची चटणी टेबलावर, ज्याला जसं हवं तसं घेईल, तुम्हाला वाढत बसायला नको. बरोबर कैरीची डाळ, कलिंगड आणि आमरस. आमरसाबरोबर पुऱ्या तळायच्या भानगडीत पडू नका, त्या उन्हाळ्यात कढईपाशी कोण उभं राहणार, तुम्हीच ना? शेजारच्या बेनना सांगा बेपडी रोटली (दोन पदरांची पातळ पोळी) घेऊन या म्हणून, त्या खुशीनं आणतील आणि त्यांची पार्टीत भागीदारी पण होईल. रस बर्फात ठेवलेल्या पातेल्यात ठेवा आणि थोडा थोडा बाहेर काढा, तासन्तास उघडा राहिला की आंबतो. हापूस का केसर यावर वाद घालू नका, दोन्ही मिसळा, त्या दिवशी तेच शोभेल.

नियमवाला_काका :
मुलगा बरोबर बोलला, त्याला एक आईस्क्रीम जास्त द्या.
ध्वजसंहिता २००२ ची आहे आणि त्यात स्पष्ट आहे की तिरंगा पताका, माळ किंवा कुठल्याही सजावटीसाठी वापरायचा नाही. नॅपकिन, टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे यावर तर छापायचाच नाही, त्याला १९७१चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा लागतो. लोक चक्र असलेले नॅपकिन घेतात, त्याला हात पुसतात आणि कचऱ्यात टाकतात, विचार करा. नुसते केशरी, पांढरे, हिरवे फुगे किंवा झेंडूच्या आणि मोगऱ्याच्या माळा लावा की, कोणी काही म्हणणार नाही.
घरी झेंडा लावायला मात्र पूर्ण हक्क आहे, वर्षातला कुठलाही दिवस. नवीन जिंदाल यांच्या केसमध्ये २००४ साली सुप्रीम कोर्टानं तो मान्य केला. आधी सूर्यास्ताला उतरवावा लागायचा, जुलै २०२२ पासून घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. पॉलिस्टरचा मशीनवर बनवलेला पण डिसेंबर २०२१ पासून चालतो. लांबी-रुंदी ३:२, केशरी वर, फाटका-मळका नको, जमिनीला टेकायला नको.
आणि सासऱ्यांना हळूच सांगा की तिरंग्याच्या वर किंवा त्याच्याच बरोबरीनं दुसरा कुठला झेंडा लावायचा नसतो. भगवा त्यांना लावायचाच असेल तर घराच्या पुढच्या बाजूला वेगळा, खाली लावावा. तसंही महाराष्ट्राला काय, गुजरातला काय, अधिकृत असा वेगळा राज्यध्वज नाहीच, त्यामुळे झेंड्यावरून भांडण होण्यासारखं काही उरत नाही. केकचं म्हणाल तर तिरंगी केक कापला म्हणून झालेली एक केस २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टानं रद्द केली होती, पण माझं मत विचाराल तर केक साधा आंब्याचाच आणा.

दांडियाबाजार_बॉर्न :
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. आपण बडोद्याचे मराठी महाराष्ट्र दिन कशाला करायचा? आमचं घराणं गायकवाडांबरोबर इथे आलं, १९६० ला लाइन पडली तेव्हा आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो, कोणी उठून मुंबईला गेलं नाही. शाळा इथली, धंदा इथला, नवरात्रात गरबा पण खेळतो. मग १ मेला अचानक सह्याद्री कुठून आठवतो? शेजारी बरोबर बोलतायत, गुजरात दिन करा आणि मोकळे व्हा. पुण्याच्या पाहुण्यांना त्यांचा दिवस मोबाईलवर करू दे.

रावपुऱ्यातले_आजोबा :
दांडियाबाजार, तुझं अर्धं बरोबर आहे रे. पण ज्या सयाजीरावांच्या शाळा-कॉलेजात आपण शिकलो ते नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचा पोरगा दत्तक येऊन १८७५ साली गादीवर बसला. ते काय गुजराती नव्हते, आणि त्यांनी ज्या प्रजेसाठी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं ती बहुतेक गुजराती होती. तेव्हा एक बाजू निवडा हे बडोद्याला सांगणं मला तरी विचित्र वाटतं.
ताई, तुमच्या सासऱ्यांना आणि शेजाऱ्यांना एक गोष्ट सांगा, दोघंही गप्प बसतील. १ मे बडोद्याला दोनदा लागतो. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि बरोबर अकरा वर्षांनी १ मे १९६० ला त्याच मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. म्हणजे या शहराला तो दिवस दोन्ही राज्यांच्याही आधीपासून चिकटलेला आहे. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता हे त्याआधी बडोदा संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या पत्नी हंसाबेन मेहता म्हणजे आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेत भारतातल्या स्त्रियांतर्फे तिरंगा यांनीच अर्पण केला. झेंड्याबद्दल मुलांना काही सांगायचं असेल तर हे सांगा, बडोद्यातल्या कितीतरी पोरांना माहीतच नाही.
अजून एक. आपण हुतात्मा चौकाची आठवण काढतो ते बरोबरच, पण ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत महागुजरातसाठी, म्हणजे वेगळ्या गुजरात राज्यासाठी, पोरं गोळीबारात गेली ते मराठी घरात कोणी बोलत नाही. आणि तिकडे १०६ हुतात्म्यांबद्दल बोलत नाहीत. मुंबई राज्य एकच, मुख्यमंत्री एकच, मोरारजीभाई. जेवायच्या आधी मिनिटभर उभं राहायचं तर दोन्हीसाठी राहा. भाषण मात्र करू नका, सासऱ्यांना माइक देऊ नका. आम्हा म्हाताऱ्यांच्या हातात माइक आला की रस गरम होतो.
पाहुण्यांना त्या दिवशी सकाळी सात वाजता कमाटीबागेत नेऊन आणा, नऊच्या आत परत. तिथे ते वडाचं झाड आहे, संकल्पभूमी, १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची नोकरी सोडून निघाले तेव्हा जिथे बसले होते ते. शहरात घर द्यायला कोणी तयार नव्हतं म्हणून. हे पण सांगा मुलांना, नुसतं राजवाड्याचं कौतुक नको.

दांडियाबाजार_बॉर्न :
आजोबा, १९४९ चं मला खरंच माहीत नव्हतं. पण माझं म्हणणं तेच आहे, पाट्या लावू नका, दिवस बडोद्याचा म्हणून करा.

टेनामेंटवाली_सून :
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी! तिरंगी नॅपकिन कॅन्सल, झेंडू-मोगरा फिक्स. १९४९ चं बाबांना वाचून दाखवलं, ते आधी म्हणाले मला माहीत होतं (नव्हतं), मग चहाचा कप घेऊन थेट भाईंच्या ओट्यावर गेले सांगायला, तासभर झाला अजून आले नाहीत, बहुतेक तिथे पण माहीत होतंच म्हणतायत. बेपडी रोटलीचं बेननी स्वतःहून घेतलं. आता मुलांचं राहिलं, प्रश्नमंजुषा एक होईल आजोबांच्या माहितीवर, पण ती पंधरा मिनिटांत संपणार, पुढे?

खंडेराव_मार्केटवाली :
संचा! हातानं फिरवायचा आईस्क्रीमचा लाकडी संचा कोणाच्या तरी माळ्यावर असणारच, शेजारी विचारा. बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडे मीठ, साधारण चाराला एक, मिठानं बर्फ शून्याच्या खाली उतरतो तेव्हा कुठे दूध घट्ट व्हायला लागतं. मुलांच्या पाळ्या लावा, अर्धा-पाऊण तास कोणी पळत नाही. झाकणाच्या कडेनं मीठ आत जाणार नाही एवढं एका मोठ्या माणसानं बघावं. गाणी लावाल तर दहाच्या आत बंद, त्यानंतर स्पीकरला मनाई आहे, आणि तशीही तोवर सगळी रसानं सुस्तावलेली असतील.
बर्फाची लादी आदल्या दिवशीच सांगून ठेवा हं, लग्नसराई आहे, ऐनवेळी मिळत नाही.