विषय : राज्यशास्त्राच्या पीएचडी प्रवेशाची प्रतीक्षा, सोलापूरहून एक विचारणा

२४ फेब्रुवारी

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी अमेरिकेत थोरल्या मुलाकडे सहा महिने राहण्यास आलो असताना आपण मला मंडळाच्या या पत्रव्यवहाराच्या यादीत सामावून घेतले होते, त्या ओळखीवर हे पत्र सोलापूरहून लिहीत आहे. माझ्या धाकट्या मुलीने राज्यशास्त्रात एम.ए. पूर्ण करून अमेरिकेतील नऊ विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज केले आहेत. बहुतेक ठिकाणची मुदत डिसेंबरच्या मध्यास संपली. त्यानंतर येथील सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला, अक्षता सोहळा झाला, गड्डा उठला, दुपारच्या उन्हाचा चटकाही जाणवू लागला. परंतु नऊपैकी आठ ठिकाणांहून अद्याप एक शब्द आलेला नाही.

जो एक नकार आला तो मागच्या आठवड्यात पहाटे पावणेचारच्या सुमारास आला. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि त्या रात्री नेमकी पाळी होती, म्हणून मी मोटार लावण्यासाठी उठलो होतो. तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसत होता. ती बाहेर आली, मोबाईल टाकीच्या झाकणावर पालथा ठेवला आणि काही न बोलता पिंप भरू लागली. दोन पिंपे भरून झाल्यावर मला म्हणाली, "एक गेलं." त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. तीस वर्षे वाणिज्य शाखेत शिकवलेला मनुष्य मी. ताळेबंद जुळत नसेल तर चूक कोठे शोधायची हे मला ठाऊक आहे, येथे मात्र कोणते पान उलटायचे तेच कळत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की या मौनाचा अर्थ नकार असाच समजायचा काय, आम्ही विद्यापीठाच्या कार्यालयात दूरध्वनी करून चौकशी केली तर ते योग्य दिसेल काय, आणि तिने आता या नादात न राहता जूनच्या नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या तयारीला लागावे असे मी तिला सुचवावे काय. अर्जांच्या शुल्कापोटीच पाऊण लाखाच्या घरात खर्च झाला आहे. त्याचे दुःख नाही, परंतु पेठेतून जाताना "पोरगी कधी निघालीय ओ सर?" असे रोज कोणीतरी विचारते, त्याला द्यायला उत्तर हवे आहे.

आपला,
एक पालक, सोलापूर

२४ फेब्रुवारी, रात्री

सर, नमस्कार.

माझा अनुभव यंत्र अभियांत्रिकीतला आणि बराच जुना आहे, तरी सांगतो. स्वस्थ बसून काही होत नसते. मुलीने प्रत्येक विद्यापीठातील दोन-तीन प्राध्यापकांना थेट ई-मेल लिहून आपली तळमळ कळवावी. मला माझ्या मार्गदर्शकांनी अशाच पत्रावरून घेतले होते.

आपला,
एक जुना सभासद

२५ फेब्रुवारी

आदरणीय सर, सादर नमस्कार.

मी मूळची सोलापूरचीच. माझे बालपण पाच्छा पेठेत गेले. राज्यशास्त्रात पीएचडी करून आता येथील एका विद्यापीठात शिकवते आणि दोन वेळा प्रवेश समितीवर बसले आहे, त्यामुळे आपले पत्र वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी जुन्या सभासद काकांच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण तो त्यांच्या शाखेत अगदी बरोबर आहे आणि आमच्या शाखेत तितकाच निरुपयोगी. अभियांत्रिकीत किंवा विज्ञानात प्राध्यापकाच्या हाती स्वतःचे संशोधन-अनुदान असते. त्यातून तो आपल्या प्रयोगशाळेसाठी विद्यार्थी घेतो, म्हणून त्याचा शब्द चालतो. राज्यशास्त्रात विद्यार्थ्याला कोणी एक प्राध्यापक घेत नाही, विभाग घेतो. चार-सहा प्राध्यापकांची समिती सर्व अर्ज वाचते, आणि एकदा वाचन सुरू झाले की बाहेरून आलेल्या तळमळीच्या पत्राला, समितीवरच्या माणसाची इच्छा असली तरी, फारसे उत्तर देता येत नाही. अर्जापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, असे पत्र लिहिण्यात अर्थ असतो. फेब्रुवारीत नसतो.

आता मौनाविषयी. ही समिती जानेवारीत नवे सत्र सुरू झाल्यावर कामाला बसते. मोठ्या विभागाकडे काहीशे अर्ज येतात आणि वर्ग जेमतेम दहा-पंधरा जणांचा भरायचा असतो. प्रत्येक अर्जात एसओपी (म्हणजे काय संशोधन करायचे आणि का, हे सांगणारे निवेदन), तीन शिफारसपत्रे, गुणपत्रिका आणि वीस-पंचवीस पानांचा एक लेखननमुना असतो. तो नीट वाचायला वेळ लागतो, आणि जेथे तो नीट वाचला जातो तेथेच आपल्या मुलीसारख्या उमेदवाराला खरी संधी असते, कारण तिच्या महाविद्यालयाचे नाव येथे कोणाला ठाऊक असण्याचा संभव नाही. अर्ज पुढे उपशाखांमध्ये वाटले जातात : अमेरिकी राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, संशोधनपद्धती. तुलनात्मक राजकारणात यंदा चारच जागा असतील आणि मागच्या वर्षी दक्षिण आशियावर काम करणारे दोघे घेतलेले असतील, तर उत्तम अर्जही बाजूला पडतो. विभागात भारतावर काम करणारा एकच प्राध्यापक असेल आणि तो दुसरीकडे निघाला असेल, तरी तेच होते. यातले काहीही नकाराच्या पत्रात लिहिलेले नसते. त्यात फक्त अर्जांची संख्या मोठी होती एवढेच लिहिलेले असते, आणि वाचणारा मात्र रात्रभर स्वतःच्या एसओपीचा दुसरा परिच्छेद तपासत बसतो. मीही बसले आहे.

आपण वाणिज्याचे आहात म्हणून ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडते. आमच्याकडे प्रवेश देणे म्हणजे साधारण पाच वर्षांची शिक्षणशुल्क माफी, स्टायपेंड आणि आरोग्यविमा देणे. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थी काही सत्रे शिकवण्यात साहाय्य करतो. म्हणून प्रत्येक होकार हा विभागाच्या वहीत पाच वर्षांचा खर्च असतो. २०२५ मध्ये येथील केंद्र सरकारच्या संशोधननिधीला कात्री लागल्यापासून अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या आहेत, आणि कोठे कोठे विभागाने निवड केल्यानंतर वरून आकडा बदलला गेला आहे. विलंबाचे ते एक कारण आहे, आणि त्याचा उमेदवाराच्या गुणवत्तेशी सुताएवढाही संबंध नाही.

विभागाने यादी केली तरी ती विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयाकडून संमत होऊन यावी लागते. साधारणपणे होकार आधी जातात, मग काहींना प्रतीक्षायादीचे कळवले जाते, आणि उरलेल्यांना बऱ्याच उशिरा नकार. परंतु हा क्रम सर्वत्र सारखा नसतो, आणि संकेतस्थळांवर इतर उमेदवार आपले निकाल नोंदवतात ते पाहून आपला निकाल ताडण्याचा प्रयत्न तिने करू नये. फेब्रुवारीच्या शेवटी असलेल्या मौनाचा अर्थ मौन एवढाच आहे. मार्चच्या मध्यानंतरही ते टिकले तर मात्र प्रतीक्षायादी किंवा नकार, असे धरून चालावे.

पहाटेच्या जागरणावर एक उपाय सांगते. न्यूयॉर्ककडच्या वेळेपेक्षा सोलापूर हिवाळ्यात साडेदहा तासांनी पुढे असते. कार्यालये संध्याकाळी पाच वाजता दिवसाचे काम हातावेगळे करून निकाल सोडतात, तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी येथील घड्याळे एक तास पुढे गेली की तेच अडीचला होईल. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेवावा. सकाळी सातला वाचलेल्या पत्रात वेगळे काही लिहिलेले नसते, पण ते वाचणाऱ्याची झोप झालेली असते.

दूरध्वनी करू नये. वडिलांनी तर मुळीच नाही. सज्ञान उमेदवाराच्या अर्जाबद्दल येथील कार्यालये पालकांशी बोलत नाहीत. नेटची तयारी मात्र जरूर करावी, आणि तिला ती सुचवताना "या नादात न राहता" हे शब्द वगळावेत. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि शिवाय २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. तो काही हरलेल्यांचा रस्ता नव्हे.

माझ्या पहिल्या वर्षी सातही ठिकाणांहून नकार आले होते. त्यानंतर मी आपल्याच शहरातील एका महाविद्यालयात वर्षभर तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन हाती आले ते पुढच्या दिवाळीत. तेथे शिकवता शिकवता माझा विषय पार बदलला आणि दुसऱ्या वर्षीचा अर्ज त्या बदललेल्या विषयावर केला. मुलीचा विषय कोणता, ते आपण लिहिले नाही. आणि पेठेत कोणी विचारले तर "१५ एप्रिलनंतर सांगतो" असे सांगावे. त्या तारखेमागचे कारण वेळ आली की लिहीन.

आपली,
पाच्छा पेठेची एक लेक

१३ मार्च

आदरणीय ताई आणि काका, नमस्कार.

बाबांनी माझ्या वतीने लिहिलेले पत्र मी पंधरा दिवसांनी वाचले. टाकीच्या झाकणाचा प्रसंग त्यांनी इतक्या लोकांना सांगितला याचा आधी राग आला होता. आता तो गेला आहे.

ताईंनी विषय विचारला म्हणून लिहिते. सोलापुरात लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, युनियनने विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या केल्या. कुंभारीला १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे रे नगर या दुसऱ्या वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. मागणी युनियनची, मोर्चे युनियनचे, पैसा केंद्राचा, राज्याचा आणि स्वतः त्या स्त्रियांचा. परंतु १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा आमदार झालेले युनियनचे नेते नरसय्या आडम २००९ पासून पुन्हा निवडून आले नाहीत. घर मिळाल्याचे श्रेय मतदार कोणाला देतात, आणि ते श्रेय मतापर्यंत का पोहोचत नाही, हा माझा प्रश्न आहे. माझी आजी विड्या वळत असे. हे मी एसओपीमध्ये लिहिले नाही. लिहावे की नाही हे तेव्हा ठरले नाही.

यानंतर आणखी चार नकार आले आहेत, तीन ठिकाणी अजून मौन आहे, आणि एका विभागाने परवा प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले आहे. त्या पत्रात शेवटी असे वाक्य आहे की आपल्याला अद्याप रस असल्यास कळवावे. त्यावर काय आणि किती लिहावे? माझा पहिला मसुदा दोन पानांचा झाला आहे आणि तो वाचताना मला स्वतःलाच अर्ज-विनंत्या करणाऱ्या कारकुनाची आठवण झाली.

आपली,
पालकांची कन्या

१३ मार्च, रात्री

प्रिय मुली,

दोन पाने फाडून टाक. सहा-सात ओळी पुरेत. रस आहे हे स्पष्ट सांग. विभागातील ज्या एक-दोघांच्या कामाशी तुझा प्रश्न जुळतो त्यांचा नेमका उल्लेख कर. आणि डिसेंबरनंतर तू जे नवे केले असशील, एखादे प्रकरण लिहिले असेल, वसाहतीत मुलाखती घेतल्या असतील, ते एका वाक्यात सांग. हाच विभाग तुझी पहिली पसंती असेल तर तसे लिही, पण उद्या दुसरीकडूनही प्रतीक्षायादीचे पत्र आले तर तेच वाक्य तिकडे लिहू नकोस. आमचा व्यवसाय फार लहान आहे आणि माणसे एकमेकांशी बोलतात.

आजीविषयी : मी समितीवर असते तर मला ते वाचायला आवडले असते, पण तुझ्या प्रश्नाच्या आधी नव्हे, नंतर. ज्या स्त्रिया अनोळखी संशोधकाशी बोलणार नाहीत त्या तुझ्याशी का बोलतील, हे सांगण्यापुरता तिचा उल्लेख यावा. तुझा प्रश्न सोलापूरच्या बाहेरही उभा राहतो, हे मात्र पहिल्याच परिच्छेदात दिसायला हवे. श्रेय कोण घेतो आणि कोणाला मिळते, यावर ब्राझीलपासून घानापर्यंत लोक काम करत आहेत.

आता ती तारीख. येथील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा एक ठराव आहे आणि बहुतेक मोठी विद्यापीठे तो पाळतात : ज्या उमेदवाराला आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केला आहे, त्याच्याकडून १५ एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करायची नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात तीन-चार होकार आहेत ते मार्चमध्ये विद्यापीठे पाहून येतात, विचार करत बसतात, आणि नको असलेल्या जागा शेवटच्या आठवड्यात सोडतात. प्रतीक्षायादी हलते ती तेव्हा, कधी कधी तर त्याच दिवशी दुपारी. त्यासाठी पासपोर्ट आणि पदवीची कागदपत्रे एका जागी असू देत, कारण होकार आला तर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणारा प्रवेशाचा दाखला), सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर शुल्क आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने व्हिसासाठी मुंबई, हे सारे घाईत होते. आर्थिक साहाय्याशिवाय नुसता प्रवेश देऊ केला तर स्वीकारू नकोस. बाबांकडे पैसे मागावेसे वाटले, तरी नको.

जागा सुटलीच नाही, तर मे महिन्यात मला फोन कर. पुढच्या वर्षीचा अर्ज तेव्हापासून लिहायला घेऊ.

मसुदा रविवारपर्यंत पाठव, सहा ओळींचा. आणि १५ एप्रिलच्या रात्री पाण्याची पाळी असेल तर मोटार बाबांना लावू दे, तू झोप.

तुझी,
ताई